दहावा माणूस

रूबेन, तुला कैलासाला पाठवलंय. एसटी स्टँडसमोर, जिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात त्याच खांबांवर, तुझ्या माजी विद्यार्थ्यांनी भलामोठा फ्लेक्स लावलाय. ‘कै. रूबेन मास्तर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली विद्यार्थ्यांचे चेहरे, त्यातले दोन तर तुझ्या चेहऱ्याहून मोठे. तुझा फोटो कुठल्याशा स्नेहसंमेलनातला आहे, हातात माईक आणि तोंड अर्धं उघडं. म्हणजे तू नक्की कुणाचं तरी मराठी दुरुस्त करत होतास.

आधी मला हसू फुटलं. उभा जन्म माझ्या दुकानात बसून तू लोकांच्या फोटोंखालचं ‘कै.’ तपासलंस. “कै. म्हणजे कैलासवासी, हसन. हा माणूस शंकराचा होता का, ते विचार आणि मग चिकटव.” आणि आता तुलाच बर्फात धाडलं. पनवेलच्या जानेवारीत मफलर गुंडाळणारा तू, तिथे कसा निभावशील? असं मनात म्हणालो, हसलो आणि मग तिथेच रिक्षावाल्यांसमोर माझा बांध फुटला. एकाने हाताला धरून रिक्षात बसवलं. चाचा, कुठं सोडू, असं तो विचारत राहिला आणि मला पत्ता सांगता येईना.

तू गेल्यापासून माझं हे असं चाललंय. घरचे म्हणतात, अब्बा, बोला, मोकळे व्हा. कुणाशी बोलू? माझं बोलणं ऐकून घेऊन त्यातल्या चुका काढणारा एकच माणूस होता. म्हणून लिहितोय. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, किंवा बघ. बघितलंस तर बरंच होईल.

माझं दुकान फोटोंना फ्रेमा करण्याचं. गिऱ्हाइकं दोन प्रकारची, लग्नवाली आणि मयतवाली. लग्नवाले घासाघीस करतात, मयतवाले करत नाहीत, फक्त दहाव्याच्या आत पाहिजे म्हणतात. फोटोखाली एक पट्टी लागते आणि त्या पट्टीवर काय घालायचं यावरून आपली शाळा सुरू व्हायची. तू खरी शाळा सुटली की इकडे येऊन बसायचास, आणि निवृत्त झाल्यावर तर सकाळपासूनच. माझं लोखंडी स्टूल, तुझा चहा, आणि पट्ट्यांवरचे शब्द. स्मरणार्थ, स्मृतिप्रीत्यर्थ, पुण्यस्मरण. गिऱ्हाईक बिचारं डोळे पुसत उभं आणि तू त्याला स्मृ धातू समजावून सांगतोयस. मी तुला कितीदा खुणावलं असेल. पण खरं सांगतो, त्या लोकांना ते आवडायचं. आपल्या माणसाच्या नावाखालच्या शब्दाची कुणीतरी इतकी काळजी घेतंय, हे बघून ती माणसं जरा सावरायची.

‘सय’ कुठून आली ते तू एका म्हातारीला सांगितलंस, नवऱ्याचा फोटो घेऊन आली होती ती. स्मृतीच आहे ती आजी, म्हणालास, संस्कृतातून निघाली, प्राकृतातून चालत चालत आली आणि वाटेत झिजून एवढीशी उरली. म्हातारी म्हणाली, मास्तर, आमचं बी तसंच झालंय. ‘विसरणं’ या शब्दातही तोच स्मर दडून बसलाय हे तुझ्याकडूनच कळलं. म्हणजे विसरायचं म्हटलं तरी आठवणीच्या दारातूनच जावं लागतं. ‘याद’ फारशीतून आली, तिचे तिकडे केवढे थाट, आणि मराठीत तिची यादी होऊन ती वाण्याच्या दुकानात जाऊन बसली, यावर तू स्वतःच्याच विनोदाला हसायचास. श्राद्धात श्रद्धा आहे, श्रद्धांजलीत ओंजळ आहे. ओंजळ रिकामी असली तरी चालते, पण ती करावी लागते, हे तुझं पालुपद.

माझ्यावर तुझा राग एकाच शब्दावरून. मी म्हणायचो, आठवण म्हणजे आठ वण, माणसाच्या अंगावर एवढे तरी ओरखडे राहतातच. तू खवळायचास. “व्युत्पत्ती म्हणजे शब्दकोडं नव्हे, हसनमियाँ. नक्की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं.” मग खरी कुठून आली ते तू सांग, असं मी म्हटलं की मात्र गडबडायचास. एका कोशात एक आहे, दुसऱ्यात दुसरं, एकदा नीट बसून बघायला हवं. मुद्दाम विचारायचो मी, तुला गडबडलेलं बघायला. दवाखान्यातही विचारलं. नाकात नळी होती तरी तू बोट उगारलंस आणि म्हणालास, घरी आलो की सांगतो. तू घरी आला नाहीस. ते कोश तुझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे. मी बघणार नाही. तू सांगायचं कबूल केलं होतंस.

आणि तो दुसरा वाद, तो तर भांडणच होतं. मी म्हणायचो, आठवण येते. आपण बोलावत नाही, ती उचकीसारखी येते. तुझं म्हणणं, येते ती सोपी. काढावी लागते ती खरी. विहिरीतून पाणी काढतात तशी, हात भरून आले पाहिजेत. मग हळूच तुझा हुकमी पत्ता पडायचा. तुमच्या अरबीतला जिक्र आणि आमच्या हिब्रूतला जाखर हे एकाच मुळाचे, चुलत भाऊ. आणि दोघांच्याही घरात आठवणं आणि नाव घेणं हे एकच काम. तोंडाने म्हटलं तरच आठवलं. मनातल्या मनात आठवण काढणं म्हणजे मनातले मांडे, त्याने ना तुझं पोट भरतं ना मेलेल्याचं. मी म्हणायचो, मास्तर, दुःख काय ओरडून करायचं असतं? तू म्हणायचास, ओरडून नाही, दहा जणांत.

दहा जणांत. रूबेन, तिथेच तर सगळं अडलंय.

तुम्हा ज्यू लोकांत मेलेल्या माणसासाठी कद्दिश, ती कबरीवरची प्रार्थना, म्हणायचं तर दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. पूर्वी आपल्या गावात हाक मारली तर तुमचे दहा नाही, पन्नास जण जमत. तुमच्या मशिदीत शनिवारी जागा नसे. (आमची मशीद आणि तुमचं सिनेगॉग, दोन्हींना मशीदच म्हणत आपण मोठे झालो. बाहेरच्या कुणाला पत्ता सांगताना काय गोंधळ व्हायचा.) मग एकेक घर इस्रायलला गेलं, कुणी ठाण्याला, कुणी मुंबईला. पेण, उरण, अलिबाग, सगळीकडे तीच गत. कबरी इथे आणि माणसं तिकडे. आणि तू झालास सगळ्या तालुक्यांचा दहावा माणूस. फोन वाजायचा, मास्तर, नऊ झालेत, येता का? तू वर्ग तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या हवाली करून निघायचास. आणि तुला स्कूटर चालवता येत नसल्यामुळे मी दुकानाचं शटर अर्धं ओढून निघायचो. किती कबरस्तानांच्या फाटकापाशी मी स्कूटर टेकून बसलोय, त्याची मोजदाद नाही. तुमची सगळी प्रार्थना मला बाहेर बसून पाठ झाली.

पेणची गोष्ट तुझ्या लक्षात आहे. नऊ जण उभे, एका बाईचा नवरा गेलेला, पोरं परदेशात. दहावा यायचा तो आलाच नाही. ती बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, यांना धरा ना, हे तर नेहमीच येतात. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं तू हो म्हणशील. तू माझ्याजवळ आलास, खांद्यावर हात ठेवलास. “राग मानू नकोस, हसन. तुला धरलं तर दहा होतील, पण कद्दिश होणार नाही.” मग आपण दोघं तसेच उन्हातून अलिबागेला गेलो आणि तिथल्या एका म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवून, शालीत गुंडाळून, आपल्या दोघांच्या मध्ये बसवून पेणला आणलं. स्कूटरवर तिघं. म्हातारा वाटभर शिव्या घालत होता आणि कबरीपाशी मात्र असा खणखणीत उभा राहिला की ती बाई त्याच्या पाया पडायला गेली. म्हाताऱ्याला अलिबागेला सोडून परत येताना मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. तू वडखळला वडापाव घेऊन दिलास, तो मी खाल्ला, पण बोललो नाही. राग नव्हता रे. अपमानही नव्हता. एखाद्यासाठी माणूस इतका हटून बसतो, हे बघून मी गप्प झालो होतो.

तुझा सख्खा भाऊ तुला न्यायला दोनदा आला. तिकडे सगळं आहे म्हणाला, घर, दवाखाना, माणसं. वहिनी गेल्यावर तर तुला इथे अडवणारं काहीच नव्हतं, मूलबाळही नाही. मी पण भांडलो तुझ्याशी. जा म्हणालो, इथे म्हातारपणी तुला कोण बघणार. तू चहा ढवळत बसलास आणि म्हणालास, मी गेलो तर इकडे दहावा कोण? तेव्हा मला ते बोलणं पोकळ वाटलं होतं. मास्तर लोकांना असं बोलायची खोडच असते. आता विचारतो, रूबेन. सगळ्यांचा दहावा तू. तुझा दहावा कोण, हे तू ठरवलंच नाहीस. एवढा शब्दाशब्दाचा उगम शोधणारा माणूस आणि स्वतःच्या शेवटाचा साधा हिशेब तुला सुचला नाही?

आणि गेलास तो शुक्रवारी. दुसरा वार मिळाला नाही. सूर्य मावळायच्या आत सगळं आटपायला हवं, मग तुमचा शनिवारचा शब्बाथ लागतो आणि मातीला हात लावता येत नाही. सकाळपासून शालोमकाकांनी फोनवर फोन केले. शालोमकाका म्हणजे तुमच्या मशिदीत प्रार्थना म्हणणारे हजान, तेच आता ऐंशीच्या घरात, कानाला फोन उलटा लावतात. कुणी कामावर, कुणी आजारी, कुणी मुंबईहून निघालो तर पोचणार नाही म्हणाला. दुपार कलली तेव्हा कबरस्तानात नऊ जण होते. ठाण्याहून तुझा मामेभाऊ बिन्यामिन निघाला होता, तो दहावा. त्याचा फोन आला, कळंबोलीला अडकलोय, न्हावा शेव्याचे ट्रेलर रस्ताभर उभे आहेत, टॅक्सी तसूभर हलत नाही.

मी शालोमकाकांसमोर हात जोडले. हो, मी. मला धरा म्हणालो. मला सगळं पाठ आहे, आमेन कुठे म्हणायचं तेही ठाऊक आहे, हा माझा भाऊ आहे. ते तुझ्यावर पांघरलेल्या सिसिथकडे, त्या पांढऱ्या शालीकडे, बघत राहिले.

“हसनभाई, तो असता तर त्याने धरलं असतं का?”

मला उत्तर माहीत होतं. पेणलाच मिळालं होतं ते. मी स्कूटरला लाथ घातली आणि कळंबोलीला निघालो.

तुला काय सांगू तो रस्ता. कंटेनरमागे कंटेनर, लोखंड बाजाराच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्यांनी भरलेला एक ट्रेलर आडवा, हॉर्नने कान बधिर झालेले. या वयात मी उलट्या बाजूने गाडी घातली. पोलिसाने शिटी मारली, मी थांबलो नाही. एकेका टॅक्सीच्या काचेवर टकटक करत बिन्यामिन, बिन्यामिन म्हणून ओरडत फिरलो. लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं पोर हरवलंय. सापडला तो पुलाच्या अलीकडे, टॅक्सीतून उतरून चालायला लागला होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत टोपी आणि प्रार्थनेचं पुस्तक, घामाने निथळणारा, अंगाने थोराड. मागे बसवला तर स्कूटरचं पुढचं चाक हलकं झालं. वाटेत मी सूर्याकडे बघत होतो आणि त्याला शिव्या देत होतो. अल्ला माफ करो, अशा शिव्या मी कधी माणसालाही दिल्या नव्हत्या.

आम्ही पोचलो तेव्हा लोक फाटकातून बाहेर येत होते, हातांची माती झटकत. शालोमकाका म्हणाले, थांबता येईना, हसनभाई, दिवस बुडाला. दोघं तर आधीच निघाले होते, अंधाराच्या आत घरी पोचायला. म्हणजे आता बिन्यामिन आला तरी दहा नव्हतेच. मी आत गेलो. ओली माती होती आणि त्यावर काहीच नव्हतं. लहानपणापासून बरोबर असलेल्या माणसाच्या मातीला मी हातही लावू शकलो नाही, कारण मी त्याच्याचसाठी कळंबोलीला गेलो होतो. बिन्यामिन माझ्या शेजारी उभा राहून पिशवीतली टोपी काढत होता, घालत होता. माझ्या तोंडी जी दुवा येते ती मी म्हटली. पण ती माझी होती. तुझी राहिलीच.

शालोमकाका चांगले आहेत. त्यांनी मला समजावलं. ठाण्याच्या मशिदीत शनिवारी दहा जमतात, तिथे म्हणू, त्याचं नाव घेऊ, पोचतं ते. आणि त्यांनी तसं केलंही, बिन्यामिनने फोन करून सांगितलं. मी बरं म्हटलं. पण मला नाही पोचलं, रूबेन. तू कधी फोनवरून कद्दिश पोचवलंस का? म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवून नेलंस तो कबरीपाशीच ना? सातव्या दिवशी तुमच्यात जियारत असते. आमच्यातही जियारत. एकच शब्द, अर्थ भेट. मीच घरोघर फोन केले, गाडी पाठवतो म्हणालो, जेवण घालतो म्हणालो. त्या दिवशी तर नऊही झाले नाहीत. खजूर आणि केळी ताटात तशीच राहिली. शालोमकाका कपाळाला हात लावून बाकावर बसले आणि मी फाटकापाशी उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. कुणी टोपीवाला दिसला की दोन पावलं पुढे जायचो. जो यायचा तो आमच्याच मोहल्ल्यातला असायचा.

त्यानंतर मी काही कामाचा राहिलो नाही. नमाजाला उभा राहतो आणि मध्येच मोजायला लागतो, रांगेत किती जण. जेवताना ताटं मोजतो. बायको म्हणते डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय करणार, माणसं देणार? तुझ्यासाठी फ्रेम कापून ठेवली, सागवानी रंगाची, तुला आवडायची ती रुंद पट्टी. फोटो बसवला, काच लावली, मागे पुठ्ठा ठोकला. खालच्या पट्टीवर काय घालू? स्मरणार्थ घातलं तर तू म्हणशील कुणाच्या स्मरणासाठी, माझ्या की तुझ्या. पुण्यस्मरण म्हटलं तर म्हणशील, पुण्य कुणी मोजलं. सगळे शब्द तुझे आणि एकही तुला बसेना. पट्टी कोरीच राहिली आणि फ्रेम काउंटरखाली.

तुझा फोन माझ्याकडे आहे. दवाखान्याने चष्मा, घड्याळ आणि फोन माझ्याच हातात दिला. मी तो रोज चार्ज करतो. का करतो ते विचारू नकोस. काल दुपारी तो वाजला.

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, आपल्या खाडीकाठच्या जुन्या मराठीत बोलणारा. तसं मराठी आता इथेही कुणी बोलत नाही. “रूबेन मास्तर हायत का? मी सिपोराबाई, इस्रायलहून. मागं आलो तवा तुमी आमच्या बापाच्या कबरीवर आला होतात, दहावे.” मग भडाभडा सांगायला लागली. पोरं, नातवंडं, पुतणे, सगळी मिळून आली आहेत, गाव बघायला. उलव्याला हॉटेलात उतरली आहेत. उरणच्या बाजूला तिच्या बापाच्या कबरीवर जायचंय. पण पुरुष मोजले तर नऊच भरले, एक जण ऐन वेळी विमानात बसलाच नाही. म्हणून तुझी आठवण काढली. उचकी लागली का मास्तर, असं ती हसत विचारत होती.

तू गेल्यापासून मी सगळ्यांना ‘गेला’ असंच सांगत होतो. गेलेला माणूस परत येऊ शकतो, तो शब्द तेवढी फट ठेवतो. तूच शिकवलं होतंस, शब्द निवडताना आपण कुठे लपतोय ते बघावं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोर मी म्हणालो, “रूबेन वारला, बाई.”

मग तिने एकच विचारलं, कद्दिश झालं का कबरीवर. नाही म्हणालो. आम्हीही नऊच होतो.

बोलून गेल्यावर मला कळलं की मी ‘आम्ही’ म्हणालो. मी घाईघाईने, दम लागल्यासारखा सांगत सुटलो. दहावा मी मिळवून देतो, आमचे शालोमकाका येतील, मी स्वतः आणतो, उरण काय, कुठेही आणतो. पण आधी पनवेलला या. अर्धा तास. वाटेवरच आहे. वाटेवर नाहीये, रूबेन, उलव्याहून उरण एकीकडे आणि पनवेल दुसरीकडे, पण मी वाटेवर म्हणालो. गयावया केली. त्यांची बस ठरलेली, माणसं थकलेली, नातवंडांना समुद्र बघायचाय, हे सगळं ती मला सांगेल म्हणून मी तिला बोलूच देत नव्हतो. शेवटी तिनेच मला थांबवलं.

“भाऊ, तो आमच्याकडं आला होता ना? मग आमी येनारच.”

उद्या सकाळी. शालोमकाकांना सांगितलं तर ते फोनवर रडले, आणि मग म्हणाले, कपडे इस्त्रीला टाकतो. त्यांचे नऊ आणि हे एक. उद्या तू दहावा नसशील रे. उद्या पहिल्यांदा तू तो असशील ज्याच्यासाठी दहा जण उभे राहतात.

पण मला धीर नाही. बस वेळेवर निघाली नाही तर? उलव्यात जिकडे तिकडे रस्ते खणलेत, ड्रायव्हर चुकला तर? नऊतल्या एकाचं पोट बिघडलं तर? मी पहाटे नमाज झाली की हॉटेलच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. बस निघेपर्यंत हलणार नाही, आणि मग तिच्या पुढे स्कूटर चालवत पनवेलपर्यंत येणार आहे. मध्ये ट्रेलर आला तर त्याच्याशी भांडेन. शालोमकाकांना शेजाऱ्याच्या गाडीतून आणायची सोय केली आहे. ते आजारी पडले तर बिन्यामिन आहे, त्याला आजच बोलावून माझ्याकडे झोपवतोय.

फ्रेमेच्या पट्टीवर आज सकाळी तुझं नाव घातलं. फक्त रूबेन. पुढे मागे काही नाही, कै. नाही, स्मरणार्थ नाही. नाव तोंडाने घेतलं की तेच स्मरण असं तू म्हणायचास. त्या वादात मी हरलो, लिहून देतो.

उद्या मी फाटकाच्या बाहेरच थांबेन, स्कूटर टेकून, नेहमीसारखा. तुझा नियम मोडणार नाही. पण एक गोष्ट सांगतो. तुमचं आमेन आणि आमचं आमीन, मला ते बाहेर बसून कधी गप्प राहूच देत नसे. मी आपला म्हणायचो, हळू आवाजात. तू एकदा परत येताना मागून माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणालास, हसन, आमेन जरा हळू म्हण, आत मोजणाऱ्याचा गोंधळ होतो. म्हणजे तुला माझा आवाज आत ऐकू यायचा. प्रत्येक वेळी यायचा.

उद्या मी हळू म्हणणार नाही.